वय नव्हे, गोचीड!

निवृत्तीनंतर मुंबई-ठाण्याची दगदग मागे टाकून नेरळ, कर्जत, कडाव, खोपोली या परिसरात राहावयास आलेली अनेक कुटुंबे आहेत. काहींचे येथे पिढीजात घर आहे. काहींनी उल्हास किंवा पाताळगंगेच्या खोऱ्यात चार गुंठे जागा घेऊन टुमदार घर बांधले आहे. मुले शहरात अथवा परदेशी असतात आणि घरात दोन वयस्क माणसांच्या सोबतीला एक कुत्रा असतो. तो फाटकाशी राखण करतो, सकाळी फिरावयास जाण्याची वेळ झाल्याची आठवण करून देतो आणि दुपारच्या शांततेत पायाशी पडून राहतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या दिवसाला त्याच्यामुळे एक घडी बसते, हे आपल्यापैकी अनेकांच्या अनुभवाचे आहे.

असा हा सोबती आठ-नऊ वर्षांचा होतो. तो जेवण अर्धवट टाकू लागतो, पायऱ्या चढण्यास टाळाटाळ करतो, हाक मारली तर नुसती शेपटी हलवून जागीच बसतो. मग घरातील कोणीतरी म्हणते, "वय झालं आता त्याचं." हे वाक्य आपणांस परिचित आहे. आपल्या स्वतःच्या थकव्याबद्दल, गुडघ्यांबद्दल, मंदावलेल्या भुकेबद्दलही ते आपण ऐकलेले असते आणि ते ऐकून कित्येकदा आपलीही तपासणी लांबणीवर पडलेली असते. कुत्र्याला तर आपली तक्रार बोलूनही दाखविता येत नाही. म्हणून या अंकात एकच गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. कर्जत-खालापूरसारख्या भागात कुत्रा मलूल झाला, तर वयाचा विचार शेवटी करावा. प्रथम गोचिडीचा विचार करावा आणि रक्त तपासून घ्यावे.

एक नाव, अनेक आजार

गोचिडीमुळे होणाऱ्या आजारांना बोलण्यात सरसकट 'टिक फीवर' म्हटले जाते. प्रत्यक्षात ते निरनिराळे आजार आहेत. एर्लिकिया हा जिवाणू रक्तातील पांढऱ्या पेशींत शिरतो आणि प्लेटलेट्स झपाट्याने कमी करतो. अ‍ॅनाप्लाझ्मा या त्याच्याच कुळातील जिवाणूची एक जात थेट प्लेटलेट्समध्येच वास करते. बबेसिया हा सूक्ष्म परोपजीवी तांबड्या पेशी फोडतो. मलेरियाशी त्याचे काहीसे साम्य आहे. हेपॅटोझून हा चौथा. तो गोचीड चावल्याने होत नाही. अंग चाटताना किंवा खाजविताना कुत्र्याने गोचीड गिळली, तर होतो.

हे आजार आपल्याकडे नव्याने आलेले नाहीत. हेपॅटोझूनचे पहिले वर्णन १९०५ मध्ये भारतातील कुत्र्यांच्या रक्तावरूनच झाले. बबेसियाची गिब्सोनाय ही जात १९१० मध्ये मद्रास येथील शिकारी कुत्र्यांत आणि पुढे कोल्ह्यात आढळली. एर्लिकियाची ओळख १९३५ मध्ये अल्जेरियात पटली; परंतु जगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस, व्हिएतनाममधील अमेरिकी लष्कराची कुत्री मोठ्या संख्येने दगावली तेव्हा. उष्ण प्रदेशातील कुत्र्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागविलेला हा रोग थंड देशातून आलेल्या जनावरांना मात्र झेपला नाही. आपल्याकडे जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांत एर्लिकियाचे स्वरूप अधिक गंभीर होते, हे पशुवैद्य आजही सांगतात.

कोठे किती?

"हा आजार कितपत सर्रास आहे?" असा प्रश्न वाचक विचारतात. त्याचे उत्तर प्रदेशागणिक पालटते. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख येथील ५२५ मोकाट कुत्र्यांच्या रक्ताची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक कुत्र्यांच्या अंगावर गोचिडी होत्या. जनुकीय तपासणीत सुमारे ३० टक्के कुत्र्यांत हेपॅटोझून, सुमारे २१ टक्क्यांत एर्लिकिया, साडेसहा टक्क्यांत अ‍ॅनाप्लाझ्मा आणि साडेपाच टक्क्यांत बबेसियाची व्होगेली ही जात सापडली. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली यांतील बराचसा संसर्ग दिसलाच नव्हता.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही कुत्री रस्त्यावरची होती. औषध लावलेल्या, घरात निजणाऱ्या कुत्र्याचे प्रमाण त्याहून वेगळे असणार. दुसरे असे, की मुंबईची दमट उष्णता आणि लडाखचा हाडे गोठविणारा हिवाळा यांची सरासरी कोणत्याही एका गावाला लागू पडत नाही. शिवाय आजारी म्हणून दवाखान्यात आणलेल्या कुत्र्यांची मोजणी केली, तर टक्केवारी वाढते. धडधाकट कुत्र्यांची केली, तर उतरते. एखादी चाचणी रक्तातील प्रतिपिंडे पाहते आणि पूर्वी कधीतरी होऊन गेलेला संसर्गही दाखविते; दुसरी केवळ आज रक्तात असलेला जंतू शोधते. त्यामुळे दोन ठिकाणांचे आकडे शेजारी मांडण्यापूर्वी कोणती कुत्री पाहिली आणि कशी पाहिली, हे विचारावयास हवे.

परदेशी असलेल्या मुलांशी बोलताना हा फरक विशेष जाणवतो. न्यू जर्सीत राहणारी सून दूरध्वनीवर सांगते, "आमच्या कुत्र्याला लाइमची लस दिली, तुम्हीही द्या." तिचा सल्ला तिच्या गावापुरता योग्यच आहे. लाइम हा रोग कनेक्टिकट राज्यातील एका गावाच्या नावाने ओळखला जातो. त्याचा जिवाणू १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी शोधला आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात तो पसरविणारी हरणांवरची गोचीड आपल्याकडे नाही. आपल्या परिसरात कुत्र्याला प्रामुख्याने चावणारी तपकिरी गोचीड निराळी, तिचे रोग निराळे, आणि एर्लिकियावर लस उपलब्ध नाही. दरवर्षी दिल्या जाणाऱ्या रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसींमुळे या आजारांपासून संरक्षण मिळत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

नकाशावरील सीमा कायमच्या नसतात, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. दीर्घकाळ एर्लिकियामुक्त मानल्या गेलेल्या त्या देशात २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडील किंबर्ली भागात हा रोग स्थानिक कुत्र्यांत आढळला आणि उष्ण भागांतून पुढे पसरला. तपकिरी गोचीड जेथे सुखाने राहू शकते, तेथे हा रोग घर करू शकतो.

आपला परिसर गोचिडीला का मानवतो?

आता कर्जत-खालापूरकडे वळू. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भाग. जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस, मग ऑक्टोबरची काहिली, सौम्य हिवाळा आणि मार्चपासून कडक ऊन. थंडी पडते, परंतु गोचिडींचे चक्र थांबविण्याइतकी नव्हे. उबदार हवेत अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा प्रवास दोन-तीन महिन्यांत पुरा होऊ शकतो. म्हणजे वर्षाकाठी अनेक पिढ्या. 'पावसाळा संपला, आता औषधाची गरज नाही' हा हिशेब येथे चुकतो.

या भागात गोचिडींचे दोन गोतावळे एकत्र नांदतात. एक घरातला, दुसरा रानातला. गोठा, शेळ्यांचा वाडा, भातकापणीनंतर चरावयास सोडलेली गुरे आणि बांधावरचे गवत यांत गुरांवर वाढणाऱ्या गोचिडी असतात. कुत्रा त्यांतून फिरून येतो, तेव्हा काही त्याच्याही अंगावर चढतात. तपकिरी गोचीड मात्र माळरानापेक्षा कुत्र्याच्या निजण्याच्या जागेजवळ राहणे पसंत करते.

येथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. कुत्र्याच्या कानामागे दिसणारी गोचीड म्हणजे सारा शत्रू, असे आपणांस वाटते. वस्तुतः तपकिरी गोचीड आपल्या आयुष्याचा फारच थोडा काळ कुत्र्याच्या अंगावर घालविते. ती रक्त पिते, गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, फरशीच्या सांध्यात, पडद्याच्या दुमडीत लपते. तिची प्रवृत्ती वर चढण्याची असते; म्हणून पडवीच्या भिंतीवरच्या कोपऱ्यात, छताच्या सांध्यातही ती आढळते. एक मादी हजारो अंडी घालते. बाहेर येणारी पिल्ले मोहरीहूनही लहान असतात आणि त्यांना सहाच पाय असतात. चष्म्याशिवाय ती दिसणार नाहीत. पूर्ण वाढलेली गोचीड रक्ताविना कित्येक महिने तग धरू शकते.

या शेवटच्या वाक्याचा संबंध बंद ठेवलेल्या घरांशी आहे. आठवडाभर कुलूप असलेल्या शेतघरात भेगांतील गोचिडी उपाशी वाट पाहत असतात. शनिवारी मुंबईहून कुटुंब येते, सोबत कुत्रा येतो, आणि पडवीत आडवा झाला की काही तासांत त्या त्याच्या अंगावर असतात. रविवारी रात्री तो शहरातील सदनिकेत परततो तेव्हा त्या गोचिडीही परततात. उलट दिशेनेही हीच वाहतूक होते. शेतघराच्या राखणदाराचे कुत्रे वर्षभर तेथेच असते. आपल्या कुत्र्याला महाग औषध आणि राखणदाराच्या कुत्र्याला काहीच नाही, अशी व्यवस्था असेल, तर त्या घरातील गोचिडींचे चक्र कधीच तुटणार नाही. दोघांच्या औषधाचा खर्च एकत्रच धरावा.

शांत काळाचा धोका

एर्लिकियाची चाल समजून घेतली, की 'वय झालं' हा समज का फसवा ठरतो ते उमगते. गोचीड चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, भूक मंदावते, मानेखालच्या गाठी सुजतात, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी येते. दोन-चार आठवड्यांत पुष्कळ कुत्री उपचाराशिवायही सावरल्यासारखी दिसतात. घरातील मंडळी सुटकेचा नि:श्वास टाकतात. मात्र जंतू प्लीहेत दबा धरून राहिलेला असू शकतो. हा शांत काळ महिन्यांचा, कधी वर्षांचाही असतो. त्यानंतर काही कुत्र्यांत आजार पुन्हा डोके वर काढतो. वजन घटते, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येते, पोटाच्या कातडीवर लालजांभळे ठिपके दिसतात, डोळा निळसर-धुरकट होतो. अस्थिमज्जाच थकली असेल, तर या टप्प्यावर वाचविणे फार कठीण जाते.

म्हणजे ज्या वयात कुत्रा नैसर्गिकरीत्या मंदावतो, त्याच वयात जुना संसर्गही वर येऊ शकतो. दोन्ही बाहेरून सारखे दिसतात. त्यांतला भेद रक्ततपासणीच दाखविते.

पुढील लक्षणे दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये: एक वेळचे जेवण पूर्ण नाकारणे आणि अंग तापणे, हिरड्या फिकट किंवा पिवळसर दिसणे, लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणे, हे बबेसियाचे लक्षण असू शकते, नाकातून रक्त येणे, शौचास काळे होणे, चालताना तोल जाणे. हिरड्या पाहण्याची सवय निरोगी दिवसांतच लावावी. ओठ हलकेच वर करून हिरडीवर बोट दाबावे आणि सोडावे. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावयास हवी.

तपासणी आणि उपचार

पशुवैद्यांकडे गेल्यावर रक्तातील पेशींची पूर्ण मोजणी आणि रक्ताच्या थेंबाची काचेवरील तपासणी करून घ्यावी. प्लेटलेट्स कमी असणे हा महत्त्वाचा इशारा आहे. काचेवर जंतू दिसला नाही, म्हणून आजार नाहीच असे ठरत नाही. लक्षणे जुळत असतील, तर पशुवैद्य पुढील चाचणी सुचवितात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही सोय नसेल, तर पनवेल किंवा बदलापूरच्या बाजूला जावे लागते. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १८८६ पासून ते कार्यरत आहे.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे औषध दिले जाते आणि ते साधारणतः चार आठवडे चालते. येथे घराघरांत घडणारी एक गोष्ट सांगावयास हवी. तीन दिवसांत कुत्रा उठून खाऊ लागतो आणि आठव्या दिवशी गोळ्या बंद होतात. तसे करू नये. ठरलेला काळ पुरा करावा आणि शेवटी रक्त पुन्हा तपासावे. ही गोळी रिकाम्या पोटी देऊ नये. वर पाणी पाजावे. बबेसियाच्या जातींवर उपचार वेगवेगळे आहेत आणि एकाच गोचिडीतून दोन आजारही येऊ शकतात. म्हणून चार दिवसांत उतार न पडल्यास औषध वाढविण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे. एकदा आजार होऊन गेला, म्हणजे पुन्हा होणार नाही, असेही नाही.

वृद्धांच्या घरात औषधांचा डबा हाताशी असतो. त्यातील तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नये. आयब्युप्रोफेन कुत्र्यांसाठी विषारी आहे, पॅरासिटामॉलही धोकादायक ठरू शकते, आणि ज्याच्या प्लेटलेट्स आधीच उतरल्या आहेत, त्याला अ‍ॅस्पिरिन देणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण.

थकल्या हातांना जमेल असे

रोज संध्याकाळी दहा मिनिटे कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवावा. उजेडात खुर्चीवर बसावे. वाकण्याची गरज नाही. कानांच्या आत आणि मागे, मानेचा पट्टा काढून त्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी विशेष पाहावे. नजर कमी झाली असेल, तरी बोटांना चणाडाळीएवढा खडा लागतोच. रोजचे पाहणे महत्त्वाचे, कारण गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच एर्लिकिया रक्तात उतरू शकतो.

गोचीड दिसल्यास हातमोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी बोटांवर चढवून, चिमट्याने ती कातडीलगत धरावी आणि सरळ, संथपणे ओढावी. पेटती काडी, रॉकेल, चुना यांचा उपयोग करू नये. काढलेली गोचीड नखाने चिरडू नये. स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. हात थरथरत असतील, तर हे काम घरातील तरुण माणसावर सोपवावे.

प्रतिबंधक औषधांत मानेवर टाकावयाचे थेंब, पट्टे आणि चघळण्याच्या गोळ्या असे प्रकार आहेत. काही गोळ्यांचा परिणाम महिनाभर, तर काहींचा सुमारे तीन महिने टिकतो. कुत्र्याला पूर्वी कधी फेफरे आले असेल, तर ते पशुवैद्यांना आवर्जून सांगावे. गुरांसाठी आणलेले गोचिडीचे औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नये. फवारणीच्या औषधांपैकी अमित्राझ रक्तातील साखर वाढवू शकते; मधुमेह असलेल्या व्यक्तीने ते स्वतः हाताळू नये. घरात मांजर असेल, तर परमेथ्रिन असलेली औषधे टाळावीत. मांजरांना ती घातक आहेत.

घराची बाजूही सांभाळावी. पडवीच्या भिंतीतील भेगा सिमेंटने बुजवून घ्याव्यात. कुत्र्याचे गोणपाट किंवा जुनी चादर आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवावी. अंगणातील गवत आखूड ठेवावे. घरात फवारणी करावयाची झाल्यास ती एकदा करून भागत नाही. अंड्यांतून निघणाऱ्या पुढच्या पिल्लांसाठी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. त्या दिवशी दम्याचा त्रास असलेल्या वृद्धांनी दुसरीकडे राहावे.

माणसांना काय?

कुत्र्याला एर्लिकिया झाला, म्हणून त्याला कुरवाळल्याने तो आपणांस होत नाही. दूर बांधून ठेवण्याचे, अंगणात हाकलण्याचे कारण नाही. मात्र तपकिरी गोचीड माणसालाही चावू शकते आणि तिच्यातून 'भारतीय टिक टायफस' हा ताप येऊ शकतो. तीव्र ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांपर्यंत पसरणारे पुरळ ही त्याची लक्षणे. आपल्या भागात पावसाळ्यात ताप आला, की डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस यांचा विचार प्रथम होतो आणि तो योग्यच आहे. डॉक्टरांना केवळ एवढे सांगावे की, "घरी कुत्रा आहे आणि गेल्या दोन आठवड्यांत गोचिडी काढल्या आहेत." हा ताप वेळीच ओळखला, तर साध्या औषधाने बरा होतो, वृद्धांत उशीर झाल्यास गंभीर होऊ शकतो. सिंधुदुर्गात २०१६ मध्ये ज्याचा उद्रेक झाला, तो माकडताप निराळा. तो रानातील गोचिडींतून येतो आणि त्याचा पाळीव कुत्र्यांच्या या आजारांशी संबंध नाही.

वृद्धांची काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना शेवटी एक विनंती. कुत्रा आजारी पडला, तरी आई-वडील ते लगेच सांगत नाहीत. खर्चाचा संकोच असतो. 'एवढ्यासाठी कशाला बोलावायचे' असेही वाटते. जनावराला गाडीत घालून दवाखान्यात नेणे त्यांच्या आवाक्यातले नसते, हे ते कबूल करीत नाहीत. म्हणून दूरध्वनीवर त्यांच्या रक्तदाबाची चौकशी कराल, तेव्हा "तो जेवतो का नीट?" हेही विचारा. नेण्या-आणण्यासाठी रिक्षावाल्याशी आधीच बोलून ठेवा आणि पशुवैद्यांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ लावा.

आणि आपण, वाचकहो, उद्या सकाळी आपल्या गोळ्या घेताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहावे. कुत्र्याला गोचिडीचे औषध शेवटचे कधी दिले, ती तारीख तेथे लिहिलेली नसेल, तर आज संध्याकाळी त्याचे कान तपासावेत, हिरड्या पाहाव्यात आणि येत्या आठवड्यात त्याचे रक्त तपासून घ्यावे.